दुसऱ्यांच्या डब्यांवर चाललेली गिरणी

सकाळी साडेसातला शटर वर जातं तेव्हा पहिला डबा कुणाचा असणार हे मी झोपेतही सांगेन. गल्लीच्या टोकाच्या काकूंचा. पाच किलो शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, निवडून पाखडलेला, वर वहीच्या कागदाची चिठ्ठी: ‘बारीक. घाई नाही.’ घाई नाही असं लिहून काकू पंधरा मिनिटांत दारात हजर.

सांगलीच्या गावभागात आमची पिठाची गिरणी आहे. १९७८ साली आजोबांनी टाकली, मग पप्पांनी चालवली आणि गेली चार वर्षं मी बघते. वय २७, शिक्षण बी.कॉम. लग्नाच्या स्थळांना ‘फूड प्रोसेसिंगचा व्यवसाय’ असं सांगायचं, अशी आईची सक्त ताकीद आहे. एका मुलानं विचारलं, ‘म्हणजे नेमकं काय करतेस?’ मी म्हटलं, ‘दळण.’ पत्रिका जुळत होती म्हणे, पण पुढं निरोप आला नाही.

मी गिरणीत बसणार असं कधीच ठरलेलं नव्हतं. लहानपणी शाळेतून आल्यावर पप्पांना डबा द्यायला जायचे तेवढंच. त्यांच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि कपाळावरचा घाम पुसला की पिठाची कणीक व्हायची. ‘शिकून इथनं बाहेर पड,’ असं ते म्हणायचे आणि मीही मान डोलवायची.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमच्याकडं पावसाळ्यात हे आकडे पोरंही क्रिकेटच्या धावफलकासारखे म्हणून दाखवतात. पप्पांचा भरवसा २००५ च्या पुरावर. तेव्हा पाणी आमच्या उंबऱ्याला लागून थांबलं होतं, म्हणून या वेळी त्यांनी पोती तेवढी ओट्यावर चढवली आणि कुलूप लावून आम्ही मावशीकडं गेलो. पाणी कमरेच्या वर चढलं.

आठवड्यानं शटर उघडलं तेव्हाचा वास मला अजून सांगता येत नाही. चिखल, डिझेल आणि आंबलेलं पीठ. दहा अश्वशक्तीची मोटर चिखलानं भरलेली, पट्टा फुगलेला, भिंतीवर पिठाची लापशी होऊन वाळलेली. आणि लोकांचे डबे. दळणाला ठेवलेले २३ डबे कोपऱ्यात एकावर एक अडकून बसले होते. कुणाच्या झाकणावर खिळ्यानं कोरलेलं आडनाव, कुणाच्या डब्याला लाल नेलपॉलिशचा ठिपका, एकावर घर नंबर. आत धान्याला कोंब फुटलेले.

मोटर रिवाइंड करून आणायच्या आधी पप्पांनी ते डबे घासायला घेतले. राखेनं, मग साबणानं, मग उन्हात. वहीत कुणाचं किती धान्य ते लिहिलेलं होतंच. तेवढा गहू, तेवढा शाळू बाजारातून उधारीवर आणला, डब्यात भरला आणि सायकलवरनं घरोघर पोचवला. निम्म्या घरांत तर अजून चिखल काढणं चालू होतं. एका आजींनी डबा घेतला नाही, म्हणाल्या, ‘पुरानं नेलं ते नेलं, तुम्ही कशाला भरताय?’ पप्पा डबा उंबऱ्यावर ठेवून निघून आले. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. आमचीच दीड लाखाची नुकसानी झालेली आणि हे लोकांचे डबे भरत फिरतायत! धंद्याचं गणित त्यांना येत नाही, असं माझं ठाम मत होतं. नुकतीच बी.कॉम. झाले होते ना.

त्याच वर्षाच्या शेवटी मला पुण्यात नोकरी लागली. ग्राहकसेवेची, हेडफोन लावून परदेशातल्या लोकांची बिलं समजावून सांगायची. २४ हजार पगार, त्यातले साडेसात हजार खोलीचं भाडं. चार महिने झाले नाहीत तोवर मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मी लॅपटॉप घेऊन परत सांगलीत, गिरणीच्या वरच्या खोलीत. खाली दगड फिरायचा, वर मी फोनवर. एका ग्राहकानं विचारलं, तुमच्याकडं फार पाऊस आहे का? मी हो म्हटलं. त्या एप्रिलात सांगलीत ४० अंश ऊन होतं.

गिरण्या अत्यावश्यक सेवेत होत्या, त्यामुळं आमची चालू. लोक चुन्याच्या गोलात डबा ठेवून लांब उभे राहायचे. संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून मी खाली जायची, मग वजन करायला लागले, मग वही माझ्याकडं आली. पप्पांचा खोकला वाढला होता. डॉक्टरांनी पिठाच्या धुळीतनं बाहेर या म्हणून सांगितलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, पण या वेळी आम्ही शहाणे. चेन-पुली लावून मोटर आधीच छताला टांगली. पाणी गुडघ्यापर्यंत येऊन गेलं आणि चौथ्या दिवशी गिरणी चालू. त्याच आठवड्यात मी राजीनामा पाठवला. मोठा विचारबिचार काही केला नाही. मोटर वर टांगताना साखळी मी ओढली होती, आणि ती आता माझीच आहे असं वाटलं, एवढंच.

आल्या आल्या मी जे केलं ते प्रत्येक शिकलेला मुलगा-मुलगी करतो: पाकिटं. भाजणी, नाचणीचं पीठ, ज्वारीचं पीठ, अर्ध्या किलोच्या छान पिशव्या. अन्नसुरक्षेची नोंदणी काढली, त्याचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापला. वजन, कमाल किंमत, पॅकिंगची तारीख सगळं नियमाप्रमाणं. वर नाव आणि आज्जीचं रेखाचित्र. आज्जी म्हणाली, ‘नाक माझं न्हाई हे.’ विश्रामबागेतल्या एका मोठ्या दुकानात माल ठेवला. दोन महिन्यांनी ज्वारीची ४० पाकिटं परत आली. काहींत जाळी धरलेली आणि बाकीच्यांची विरी गेलेली.

विरी गेली म्हणजे काय हे सांगलीत कुणाला सांगावं लागत नाही. जोंधळ्याचं पीठ जुनं झालं की त्यातला चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडा चिरतात आणि उचलली की मोडते. गव्हाला ग्लुटेन धरून ठेवतं, ज्वारीत ते नसतं. सगळी भिस्त ताज्या पिठावर आणि उकळत्या पाण्यावर. मला हे माहीत नव्हतं असं नाही. रोज खाल्लेली भाकरी. पण लेबलवर ‘तीन महिन्यांच्या आत वापरावे’ असं छापताना डोकं कुठं होतं कोण जाणे. पाकिटं, शिक्के, मशीन धरून १८ हजार गेले. त्यातलं निम्मं पीठ गोठ्यावाल्या मामांच्या म्हशींनी खाल्लं.

त्या ४० पाकिटांनंतर मी आठवडाभर नुसती गिऱ्हाइकं बघत बसले. येणारी प्रत्येक बाई आपला डबा हातातनं सोडत नाही. आधी दगडात काय चाललंय विचारते. डाळ चालू असेल तर थांबते, कारण डाळीमागं गहू टाकला तर पहिलं किलोभर पीठ पिवळट येतं. पीठ पडायला लागलं की चिमूटभर अंगठ्यानं बोटावर घासून बघते, ‘थोडं दाब गं’ म्हणते, तेव्हा मी चाक फिरवून दगड जवळ आणते. बाजारात याच्यापेक्षा स्वस्त पीठ मिळतं हे तिला ठाऊक आहे. तिला तिचाच गहू हवा असतो, मंगळवेढ्याच्या पाहुण्यांनी पाठवलेला तिचाच शाळू.

म्हणून पाकिटं बंद केली आणि डब्यांचीच सोय वाढवली. नवीन अपार्टमेंटमधल्या, दिवसभर नोकरीवर असणाऱ्यांचे डबे सकाळी आमचा पोरगा स्कूटरवरनं आणतो, संध्याकाळी पोचवतो. फोनवर निरोप येतात: ‘३ गहू १ नाचणी, पोळीसाठी’, ‘आंबोळीचं, रवाळ’. धान्य नसेल तर आम्ही घालतो, पण दळणार त्याच दिवशी. भाजणी फक्त मागणी आल्यावर भाजायची. दिवाळीआधीचे पंधरा दिवस चकलीच्या भाजणीनं गल्ली इतकी खमंग होते की टपालवाला सायकल हळू करतो.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आणि आमच्याकडं अचानक राळे, वरी, नाचणीच्या चौकशा वाढल्या. आज्जीला याचं फार हसू. ‘गरिबीत खाल्लं ते आता डॉक्टर लिहून देतोय!’ त्याच सुमारास एक ताई लहान मुलीला घेऊन आल्या. मुलीला गहू पूर्ण बंद, कणभरही चालत नाही. ज्वारी दळून द्या म्हणाल्या. मी दगड झाडून दळून दिली असती तर त्यांना कळलंही नसतं. पण दगडाच्या खाचांत गहू बसतोच, कितीही झाडा. नाही म्हणून सांगितलं. त्या गेल्या आणि मला दोन रात्री चैन पडलं नाही.

दुसरी चक्की घ्यायची ठरवलं, सोबत हळद-मिरचीसाठी पल्व्हरायझर आणि भाजायचं यंत्र. सगळं मिळून ४ लाख २० हजार. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत खर्चाच्या ३५ टक्के अनुदान होतं, कमाल १० लाख. ते हातात यायचं नाही, कर्जखात्यातच वळतं व्हायचं, आणि किमान १० टक्के आपले घालावे लागायचे. कागद जमवण्यात अडीच महिने गेले. एका बँकेतल्या साहेबांनी फाइल चाळून पप्पांना विचारलं, ‘मुलीचं लग्न झाल्यावर गिरणी कोण बघणार?’ पप्पा म्हणाले, ‘तीच. जावई सांगलीतला बघू.’ आम्ही दुसरी बँक गाठली.

नव्या चक्कीत गहू अजिबात नाही. तिची चाळण वेगळी, झाडणी वेगळी, खोलीही वेगळी. रांग कितीही असो, ‘एवढा दोन किलो गहू तिकडं टाक की’ म्हणणाऱ्यांना नाही. दोन जुनी गिऱ्हाइकं त्यावरून रुसली. एक परत आलं, एक नाही. त्या ताई मात्र महिन्यातून दोनदा येतात. डबा घरून आणतात आणि मुलगी त्यावर दरवेळी नवीन स्टिकर चिकटवते.

पैशाचं म्हणाल तर हप्ता जाऊन महिन्याला २२ ते २८ हजार सुटतात. मार्च ते मे वेगळाच हंगाम: वर्षाची चटणी करायला मिरची येते, ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. शिंकून शिंकून जीव जातो पण गल्ला भरतो. हळद तर आमच्या गावाची. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळकुंडं दळलेल्या दिवशी माझी नखं पिवळी असतात आणि भाजीवाली विचारते, ‘कुणाचं लगीन?’

पुण्यातल्या मैत्रिणी शनिवार-रविवार कुठं कुठं फिरून फोटो टाकतात. हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. माझा रविवार दगडाला टाकी लावण्यात, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडण्यात जातो. दगड घासून गुळगुळीत झाला की पीठ गरम पडतं, मोटर जास्त वीज खाते आणि आवाज बदलतो. घरघर जाऊन घसघस येते. आधी मिरजेहून एक काका टाकी लावायला यायचे. आता त्यांचे हात थरथरतात, म्हणून त्यांनी मला शिकवायला घेतलं. पहिल्या वेळी मी इतक्या खोल खाचा पाडल्या की पुढचे दोन दिवस सगळ्यांना भरडच मिळालं. काकूंनी चिठ्ठीवर लिहून पाठवलं, ‘लापशीला बरं आहे. भाकरीला कधी?’

परवाच्या रविवारी वरचा दगड उतरवून मी मांडी घालून छिन्नी चालवत होते. काका शेजारी खुर्चीवर डोळे मिटून नुसते ऐकत होते. मधेच म्हणाले, ‘हितं उथळ झालं. परत मार.’ मी परत मारलं. शटर अर्धं खाली होतं. त्याखालून एक डबा आत सरकला, मागून आवाज आला, ‘घाई नाही गं, सावकाश.’