हायवे 80 वरची तीन शेतं

गेल्या शनिवारची सेल्माची ट्रिप डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय. सेल्मा म्हणजे अलाबामातलं ते गाव, जिथून 1965 मध्ये काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा निघाला. मी अटलांटात राहतो, मुलांकडे सहा-सहा महिने राहायला आलेल्या आईवडिलांना मराठीतून फिरवायचं काम करतो. 14 सीटची व्हॅन, ड्रायव्हर मीच आणि गाइडही मीच.

लोकांना वाटतं गाइडचं काम म्हणजे बोलणं, पण माझं निम्मं लक्ष घड्याळाकडे असतं. जॉर्जियातून अलाबामात शिरलं की वेळ एक तास मागे जाते, फोन आपोआप बदलतात पण हातातली घड्याळं बदलत नाहीत, आणि डायबेटिसवाल्यांच्या गोळ्या-जेवणाचा घोळ नेमका तिथेच होतो. म्हणून मी निघतानाच सांगून ठेवतो, पोटाला आज दिवसभर अटलांटाचंच घड्याळ. आणि दशम्या-चटणी बरोबर घ्या, कारण मधल्या पट्ट्यात नुसती शेतं आणि गवत आहे.

दुसरी गोष्ट दिशेची. अटलांटाहून येताना माँटगोमेरी आधी लागतं म्हणून बरेच टूरवाले तिथूनच सुरुवात करतात, मग सेल्माला जाऊन मोर्चा ज्यावरून गेला त्या एडमंड पेटस पुलावर फोटो काढतात आणि परत फिरतात. मला हे अजिबात पटत नाही. मोर्चा सेल्माहून माँटगोमेरीला गेला, 54 मैल, पाच दिवस, 21 ते 25 मार्च 1965, मग तो उलटा कसा काय दाखवायचा? मी पहाटे निघून आधी थेट सेल्मा गाठतो, ब्राउन चॅपल चर्चपाशी उतरवतो आणि तिथून मोर्चाच्याच दिशेने परत येतो.

पुलावर मी बोलत नाही. सगळं आधी चर्चपाशीच सांगून टाकतो, की या काउंटीत मतदानाच्या वयाचे निम्मे लोक काळे पण मतदारयादीत शंभरात दोनच, नाव नोंदवायचं ऑफिस महिन्यातून दोनच दिवस उघडं, तिथेही परीक्षा, आणि पास कोण हे ठरवणार समोरचा गोरा कारकून. शेजारच्या मॅरियन गावात जिमी ली जॅक्सन या पोराला पोलिसाने गोळी घातली, तो गेला आणि त्यातून हा मोर्चा उभा राहिला. 7 मार्चला साधारण 600 माणसं दोन-दोनच्या रांगेत फुटपाथवरून या पुलावर चढली, पुढे जॉन लुईस आणि होजिया विल्यम्स. पूल मधे फुगलेला आहे, कमानीसारखा, त्यामुळे माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडचं काहीच दिसत नाही. माथ्यावर आलं की एकदम उतार दिसतो, आणि त्या दिवशी त्या उताराखाली लाठ्या आणि अश्रुधूर घेऊन पोलीस उभे होते. हे बोलून कळत नाही, पायाने चढावं लागतं. गुडघेदुखीवाले सुद्धा माथ्यापर्यंत येतात, मी हात धरून नेतो.

त्या दिवशीही सगळे चढले. खाली उतरून व्हॅनमध्ये बसलो, हायवे 80 ला लागलो आणि पुढच्या सीटवरचे एक काका म्हणाले, "आपल्याकडे बरं, असलं काही कधी नव्हतं. पहिल्या इलेक्शनपासून सगळ्यांना मत." दोन-तीन जणांनी "हो ना" केलं. मताचं त्यांचं खरंच आहे. पण पहिलं वाक्य? मी आरशात मागे बघितलं. शेवटच्या रांगेत रायगड जिल्ह्यात शाळेत शिकवून रिटायर झालेल्या एक होत्या, सगळे त्यांना बाईच म्हणत होते, त्या खिडकीबाहेर बघत होत्या. आणि मी काय केलं तर माईकवर सांगितलं की पंधरा मिनिटांत बाथरूमचा स्टॉप आहे. मला उत्तर माहीत होतं तरी मी ते दिलं नाही.

लाऊन्ड्स काउंटीत रस्त्याकडेला मोर्चाच्या मुक्कामाच्या पाट्या आहेत, मी तिथे गाडी हळू करतो. 7 तारखेला पोलिसांनी मारून मागे फिरवलं, मग 21 तारखेच्या मोर्चाला परवानगी कोर्टातून मिळाली, पण इथे तेव्हा रस्ता दोनच लेनचा म्हणून जज फ्रँक जॉन्सन यांनी या टप्प्यात फक्त 300 माणसांना चालायची मुभा दिली होती, आणि पाऊस, चिखल, वर रात्र तंबूत. मागून बाईंनी विचारलं, "मुक्कामाला जागा कोणी दिली?"

आजवर मला हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. म्हटलं, काळ्या शेतकऱ्यांनी, स्वतःच्या जमिनीत. पहिली रात्र डेव्हिड हॉल, दुसरी रोझी स्टील, तिसरी रॉबर्ट गार्डनर. चौथी माँटगोमेरीतल्या सेंट ज्यूडच्या आवारात.

"म्हणजे स्वतःची जमीन होती म्हणून देता आली," बाई म्हणाल्या. "जे दुसऱ्याच्या जमिनीत राबत होते त्यांचं काय झालं?"

तेवढ्यात या मोर्चाचं माहितीकेंद्र आलंच. तेच टेंट सिटीचं ठिकाण. मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून मालकांनी ज्यांना घराबाहेर काढलं ती कुळं 1965 च्या डिसेंबरपासून इथे तंबूत राहिली, काही तर दोन वर्षांच्या वर. बाकीचे बाथरूमच्या रांगेत, बाई त्या तंबूंच्या फोटोंसमोर. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. काकाही तिथेच होते.

बाई कोणाकडे न बघता बोलल्या. "आमच्या महाडला पण असंच. मार्चमध्ये तळ्यावर पाणी प्यायलो म्हणून मार खाल्ला, मग गावोगाव बहिष्कार, कामं बंद, जमिनी काढून घेतल्या. डिसेंबरात परत परिषद घ्यायची तर मांडवाला जागा कोणी देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली." 1927 मधली गोष्ट, आणि बाई म्हणाल्या "प्यायलो".

काकांनी चष्मा काढून पुसला. काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेत व्हायोला लिउझो यांच्या स्मारकापाशी थांबलो, डेट्रॉइटहून आलेल्या पाच मुलांच्या आई, मोर्चातल्या लोकांना गाडीतून ने-आण करत होत्या, 25 मार्चच्या रात्री याच रस्त्यावर त्यांना गोळ्या घातल्या. तिथे चढावर काकांनी बाईंना हात दिला आणि बाईंनी तो घेतला. याचा अर्थ काय ते मला माहीत नाही, मी बघितलं तेवढं लिहितोय.

मी पुण्यात वाढलो. चवदार तळं आमच्या शाळेत एका परिच्छेदात संपलं, फत्तेखान हे नाव त्यात नव्हतं. घरी येऊन रात्री तारखा लावत बसलो. जज जॉन्सन यांचा निकाल 17 मार्च 1965, चवदार तळ्याचा मुंबई हायकोर्टाचा निकाल 17 मार्च 1937. तळं सगळ्यांना खुलं करायचा ठराव नगरपालिकेने 1924 मध्येच केला होता आणि तरी दहा वर्षं कोर्टात. इतकी वर्षं पुलावर लोकांना रडताना बघितलं, त्यांच्याबरोबर मीही रडलो, आणि माझ्याच व्हॅनमध्ये बसलेल्या माणसासाठी तोंड उघडायची वेळ आली तेव्हा बाथरूम सांगितलं.

उतरताना बाई म्हणाल्या, "त्या तीन शेतकऱ्यांची नावं कागदावर लिहून वाटत जा, बोललेलं राहत नाही." कागद तयार केलाय, हॉल, स्टील, गार्डनर, आणि खाली फत्तेखान. पुढची ट्रिप 14 तारखेला आहे. चौथं नाव माईकवर मी सांगायचं की बाईंना फोन करून त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घ्यायचं, ते अजून ठरत नाहीये. फोन मात्र उद्या करणार आहे.