चेहरा की मान? माझ्या एमआरआयचा अनुभव

एमआरआयची वेळ घेताना एक फॉर्म भरतात. त्यात 'तपासणीचा भाग' असा एक रकाना असतो. त्या बोटभर रकान्याने माझे उपचार अडवून धरले होते. आता सगळं पार पडलंय, तरी आठवलं की डोकं तापतं. चेहऱ्यावर किंवा मानेत जन्मापासून निळसर, मऊ गाठ असलेल्या कुणाला डॉक्टरांनी 'एमआरआय करून या' म्हणून धाडलं असेल, तर निघण्याआधी हे वाचून घ्या.

माझी गाठ गालातून सुरू होते, जबड्याच्या कडेवरून खाली उतरते आणि मानेत जाते. दाबली की बसते, सोडली की हळूहळू भरते. वाकून काही उचललं किंवा जोरात खोकला आला की फुगते. लहानपणापासून ती माझ्याबरोबरच वाढत आली, म्हणून घरात कुणी तिचं फारसं मनावर घेतलं नव्हतं. मग ती अधूनमधून ठणकायला लागली आणि आत हरभऱ्याएवढं काहीतरी कडक हाताला लागलं, तेव्हा तज्ज्ञ डॉक्टर गाठले. त्यांनी आधी गाठ दाबून पाहिली, बोटांना थरथर लागते का ते बघितलं, स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि सोनोग्राफीला पाठवलं.

सोनोग्राफी आणि डॉपलर (त्याच मशीनवर रक्ताचा प्रवाह दाखवणारी तपासणी) यांबद्दल माझी काही तक्रार नाही. जेलीचा गारवा सोडला तर त्रास शून्य. करणाऱ्या डॉक्टरबाई प्रोब अगदी हलका टेकवत होत्या, कारण जोर दिला की गाठ रिकामी होते आणि आतलं रक्त दिसतच नाही. मला श्वास कोंडून जोर लावायला सांगितलं, तशी स्क्रीनवर गाठ मोठी झाली. रक्त अगदी मंद वाहत होतं, धमनीसारखे ठोके कुठेच नव्हते. म्हणजे ही शिरांची जन्मजात विकृती, व्हीनस मालफॉर्मेशन. कडक दाणा म्हणजे साकळलेल्या रक्तावर कॅल्शियम चढून झालेला खडा, फ्लेबोलिथ. पुढचं सगळं या मंद आणि वेगवान प्रवाहाच्या फरकावर ठरतं. मंद प्रवाहाच्या गाठीत सुईने औषध घालून ती आवळता येते, त्याला स्क्लेरोथेरपी म्हणतात. वेगवान प्रवाहाची, म्हणजे धमनी थेट शिरेला जोडलेली गाठ असेल, तर अँजिओग्राफी करून आतून रक्तवाहिनी बंद करण्याचा मार्ग घ्यावा लागतो. एका गाठीचा उपचार दुसऱ्या गाठीवर चालत नाही.

पण सोनोग्राफीला खोलवरचं नीट दिसत नाही. हाडाच्या मागे काय आहे, गाठ श्वासमार्गाच्या किती जवळ गेलीय, कानाखालच्या लाळग्रंथीत शिरलीय का (चेहऱ्याची नस तिच्यातूनच जाते), हे कळायला एमआरआय लागतो. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: चेहरा आणि मान, कॉन्ट्रास्टसह, म्हणजे चित्रात गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून औषध देऊन. आणि माझं दुर्दैव सुरू झालं.

काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "चेहरा की मान?"

"दोन्ही."

"दोन भाग एका अपॉइंटमेंटमध्ये बसत नाहीत. एक सांगा."

मी गाठीवर हात ठेवून दाखवलं, की बाबा, गाठ एकच आहे, ती इथून सुरू होते आणि इथे संपते. त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. 'मान' टाकलं. क्रिएटिनिनचा, म्हणजे कॉन्ट्रास्टआधी मूत्रपिंडं बघायच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आणलाय का, असं विचारलं. तो मला कुणी सांगितलाच नव्हता. मग कॉन्ट्रास्ट खोडून 'साधा' लिहिलं आणि फॉर्म पुढे सरकवला. मी परत परत सांगत राहिले, पण मागच्या रांगेतली माणसं खाकरायला लागली होती.

तपासणी झाली. रिपोर्ट आला. चित्रं जबड्याच्या खालच्या कडेपासून सुरू होत होती, गालातली निम्मी गाठ त्यात नव्हतीच. रिपोर्टमध्ये ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं, की वरचा विस्तार या तपासणीत आलेला नाही. शिवाय निदानाच्या जागी 'हिमॅन्जिओमा' (रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढून होणारी वेगळीच गाठ) ठोकून दिलं होतं. हे वाचून आमच्याकडे नातेवाइकांचे फोन सुरू झाले, की त्यावर आता प्रोप्रॅनोलॉल नावाचं औषध निघालंय, ते का घेत नाहीस! ते औषध तान्ह्या बाळांच्या हिमॅन्जिओमाला लागू पडतं हे खरं, २००८ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ते उजेडात आणलं. पण तो आजार जन्मानंतर काही आठवड्यांत दिसू लागतो, भराभर वाढतो आणि पुढे काही वर्षांत आपोआप ओसरतो. माझी गाठ जन्मापासून आहे आणि एक दिवस ओसरलेली नाही. या दोन्हींची फारकत १९८२ सालीच मुलिकन आणि ग्लोवाकी या संशोधकांनी करून ठेवली, तरी रिपोर्टांतून तो शब्द जाता जात नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये तो आला, तर गाठ जन्मतः होती की नंतर आली, एवढं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि लगेच खाली ठेवली. "अर्धी गाठ बघून मी सुई घालणार नाही," म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं.

पुन्हा काउंटर. "फॉर्मवर होतं तेच केलंय." फॉर्म तुम्हीच भरलात ना? "नवीन चिठ्ठी आणा." नवीन चिठ्ठी आणली, शब्द तेच, त्यामुळे प्रश्नही तोच. दोन भाग हवे असतील तर आत रेडिओलॉजिस्टची, म्हणजे चित्रं वाचून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांची, परवानगी लागेल, आणि रेडिओलॉजिस्ट पेशंटना भेटत नाहीत. आतल्यांना वाटत होतं मी बाहेर विचारावं, बाहेरच्यांना वाटत होतं मी आत विचारावं. क्रिएटिनिनचा रिपोर्ट मी आता फाईलच्या सर्वांत वर लावून फिरत होते, तर या वेळी तो कुणी बघायलाही मागितला नाही. दरम्यान गाठ रात्री ठणकायचीच. मला वेदनेपेक्षा त्या काचेमागच्या 'पुढे कोण?' या शब्दांचा जास्त राग यायला लागला होता.

सुटका झाली ती एका टेक्निशियनमुळे. चहाला निघालेला तो मुलगा माझा वाद ऐकून थांबला आणि म्हणाला, "ताई, भागाचं नाव लिहून आणू नका. कुठून कुठपर्यंत ते लिहून आणा. आणि डॉक्टरांना म्हणावं, आमच्या रेडिओलॉजिस्ट सरांना एक फोन करा."

डॉक्टरांनी माझ्यासमोर फोन लावला. बोलणं चहाचा कप संपायच्या आत आटोपलं. चिठ्ठीवर लिहिलं: डोळ्याच्या खोबणीपासून कॉलरबोनपर्यंत सलग, मंद प्रवाहाची शिरांची विकृती, स्क्लेरोथेरपीपूर्वी विस्तार बघण्यासाठी, फॅट सप्रेशनसह टी-टू (चरबीची चमक दाबून गाठ उठून दाखवणारी चित्रं), कॉन्ट्रास्टच्या आधी आणि नंतर. मी ती चिठ्ठी काचेखालून सरकवली आणि काही न बोलता उभी राहिले. या वेळी रेडिओलॉजिस्ट स्वतः बाहेर आले! गाठ दाबून पाहिली आणि तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाला ई जीवनसत्त्वाची एकेक कॅप्सूल चिकटपट्टीने लावली. एमआरआयमध्ये ती चमकते, त्यामुळे कातडीवरची खूण चित्रात सापडते. इतकं सोपं होतं सगळं.

हो, आणि एमआरआयच्या आधी डोळ्यांचा मेकअप पूर्ण पुसा, त्यात धातूचे कण असू शकतात. दातांना तारा असतील तर आधीच सांगा, नाहीतर नेमका गालाचाच भाग चित्रात वेडावाकडा येतो. मशीन ठकठक करत असताना आवंढा गिळू नका, दोन आवाजांच्या मधल्या शांततेत गिळा. मला हे पहिल्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

चित्रात माझी गाठ पांढरीशुभ्र दिसली आणि तिच्यात काळे ठिपके, तेच खडे. श्वासमार्ग मोकळा होता, लाळग्रंथीला मात्र एक टोक टेकलं होतं. या वेळच्या रिपोर्टमध्ये निदानही बरोबर होतं. नुसत्या फिल्मवर समाधान मानू नका, डायकॉम फाईलची, म्हणजे तपासणीची सगळी मूळ चित्रं असलेली, सीडी मागून घ्या. फिल्मवर निवडक चित्रं असतात, डॉक्टरांना सगळी हवी असतात. आणि ती सीडी घरी जाण्याआधी तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा.

स्क्लेरोथेरपी सुरळीत झाली. आधी रक्तात डी-डायमर (साकळलेलं रक्त विरघळताना तयार होणारा घटक) तपासलं, कारण मोठ्या गाठीत रक्त सतत साकळत असतं. मग सोनोग्राफीवर बघत सुई, नंतर एक्स-रेखाली आधी नुसता कॉन्ट्रास्ट. तो गाठीतून कुठल्या शिरेत वाहून जातो, हे बघितल्याशिवाय औषध घालत नाहीत. चेहऱ्याच्या शिरा डोळ्याच्या मागच्या शिरांना जोडलेल्या असतात, म्हणून ही काळजी. मी भुलेत होते, मला हे सगळं नंतर चित्रांवर दाखवलं. ती चित्रंही मी सीडीत मागून घेतली, आता मागायला लाजत नाही.

नंतर काही दिवस गाल असा सुजला, की आरशाकडे बघवेना. ही सूज अपेक्षितच असते. मात्र श्वास घ्यायला किंवा गिळायला अडलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. गाठ किती आटली हे बघायला लगेच एमआरआयची घाई करू नका. आतली सूज उतरायला महिने जातात आणि तोवरचं चित्र फसवं असतं. पुढचा एमआरआय शक्यतो त्याच पद्धतीने करून घ्यायचा, म्हणजे जुन्या-नव्याची तुलना होते. त्यात ते काळे ठिपके परत दिसतील. औषधाने खडे विरघळत नाहीत, त्यामुळे ते दिसले म्हणजे उपचार फसला असं नाही.