पाव फेरा

लग्नाला २९ वर्षं झाल्यावर मी पहिल्यांदा बायकोच्या पायाचं माप घेतलं. कालनिर्णयचं जुनं पान पालथं करून फरशीवर चिकटवलं, हिला दोन्ही पायांवर सारखा भार देऊन त्यावर उभं केलं आणि पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ फिरवली. वेळ मुद्दाम संध्याकाळची निवडली, ही शाळेतून आल्यानंतरची. दिवसभर उभा राहिलेला पाय सकाळपेक्षा थोडा सुजलेला असतो आणि बूट त्याच पायाला सोसायचा असतो. मग रेघेवर व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, लावला. डावा पाय चवड्याशी ९७ मिलिमीटर. उजवा १०३.

सहा मिलिमीटरचा फरक. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या विभागात, माझी ३३ वर्षं गेली. तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या फरकासाठीही तयार केलेला जॉब परत यायचा. आणि घरात हा पाय रोज सहा मिलिमीटर कमी असलेल्या बुटात कोंबला जात होता, हे मला ठाऊकही नव्हतं.

हिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय. डॉक्टरांनी कागदावर हॅलक्स व्हॅल्गस असं लिहिलं, बोलताना बनियन म्हणाले. अंगठा शेजारच्या बोटांकडे कलतो आणि त्याचा सांधा बाहेरच्या बाजूला उंचावतो. हिच्या आईचाही पाय असाच होता. ही पंचवटीत एका शाळेत शिकवते, पाच-सहा तास फळ्यासमोर उभी असते. बरीच वर्षं पट्ट्यांच्या चपलेवर भागवलं. मग पट्टा बरोबर त्या हाडावरच घासायला लागला आणि डॉक्टरांनी टाच नीट धरून ठेवेल असा, पुढून रुंद, मऊ चामड्याचा बूट घालायला सांगितला.

म्हणून आम्ही मेन रोडला गेलो. सहा नंबर लांबीला बरोबर बसला, पण चवड्याशी आवळत होता. सात नंबर चवड्याशी जेमतेम बरा, पण चालताना टाच वर निघायची. दुकानदार म्हणाला, "सहाच घ्या वहिनी, वापरून सैल होतो." आम्ही घेतला. आठ दिवसांत हाडावर फोड, फोड फुटून जखम, आणि ही पुन्हा चपलेवर.

यात एक गोष्ट मला नंतर कळली. ब्रिटिश नंबरात दोन नंबरांमधलं अंतर एक तृतीयांश इंच असतं, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. पण हे अंतर लांबीचं आहे. रुंदी त्याबरोबर थोडीशीच वाढते. म्हणजे रुंदीसाठी नंबर वाढवला की नको असलेली लांबी गळ्यात पडते, टाच सुटते, पाय बुटात पुढे घसरतो आणि बोटं पुन्हा टोकाला जाऊन आपटतात. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या माणसाने १९२० च्या दशकातच पाय मोजायचं एक धातूचं साधन बनवलं होतं. त्यात लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर अशी तिन्ही मापं मिळतात. मला आजवर नाशिकच्या एकाही दुकानात कुणी पायाची रुंदी विचारलेली नाही. नंबर विचारतात आणि खोका काढतात. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण रुंदी मोजायला एक कागद आणि पेन्सिल पुरते.

मुलाने मोबाइलवर शोधून शू स्ट्रेचर, म्हणजे बूट आतून ताणून रुंद करायचं साधन, मागवला. हातात घेतल्याबरोबर मला तो आवडला, कारण त्याचं काम एका नजरेत समजतं. पुढे पंजाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, मधोमध उभा चिरून दोन फाका केलेल्या. मागे टाचेचा छोटा ठोकळा. दोन्हींच्या मधून आटे पाडलेला लोखंडी रॉड आणि रॉडच्या शेवटी वाकवलेला आकडा. मधली चकती फिरवली की टाचेचा ठोकळा मागे सरकतो आणि बुटात ताठ बसतो. आकडा फिरवला की पुढच्या दोन फाका एकमेकींपासून दूर जातात आणि चामडं आतून बाहेर ढकललं जातं. फाकांच्या कडेला भोकं असतात आणि सोबत प्लास्टिकच्या छोट्या गोल गुंड्या येतात. जिथे हाड किंवा कुरूप असेल तिथल्या भोकात गुंडी बसवायची, म्हणजे त्या जागी चामडं जास्त फुगतं.

रॉडला आटे मोजायचा पिच गेज लावून पाहिला. एम ८, पिच १.२५, म्हणजे आठ मिलिमीटर जाड रॉड आणि दोन आट्यांमध्ये सव्वा मिलिमीटर. पूर्ण फेऱ्याला रॉड सव्वा मिलिमीटर सरकतो, पाव फेऱ्याला मिलिमीटरचा साधारण तिसरा हिस्सा. इतकं बारीक नियंत्रण हाताशी असताना मी काय केलं? कोरड्या बुटात ठोकळा घातला आणि एका दमात चार फेरे दिले. मला वाटलं, रात्रभर ताणून ठेवला की सकाळी काम फत्ते. सकाळी पाहिलं तर बाजूच्या शिवणीचे तीन टाके उसवलेले आणि अप्परवर, म्हणजे वरच्या चामड्यावर, एक आडवी सुरकुती. वर आणखी वाईट म्हणजे ठोकळा काढल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत बूट जवळजवळ पूर्वीच्या मापावर परत आला होता.

त्रिमूर्ती चौकाजवळ एक वयस्कर मामा बसतात, सिडकोतली निम्मी पादत्राणं त्यांच्या हाताखालून गेली असतील. टाके घालायला त्यांच्याकडे गेलो आणि काय केलं ते सांगितलं. त्यांनी बूट उलटापालटा केला, आत हात घालून चामडं चिमटीत धरलं.

"कोरडं ताणलं का?"

"हो मामा."

"आणि एकदम?"

"एकदम."

ते काही बोलले नाहीत. पेटीतून एक जुनं लाकडी कलबूत, म्हणजे ज्यावर बूट घडवतात तो पायाच्या आकाराचा ठोकळा, काढलं आणि माझ्या हातात दिलं. त्याच्या एका बाजूला, बरोबर अंगठ्याच्या सांध्याच्या जागी, चामड्याच्या तीन चकत्या एकावर एक ठोकलेल्या होत्या. सगळ्यात वरची छोटी, कडा रापीने, चामडं कापायच्या हत्याराने, तासून गुळगुळीत केलेल्या. त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या पायाला असंच हाड होतं, त्या पायासाठी त्यांनी हे कलबूत स्वतः भरून घेतलं होतं. मी ते कितीतरी वेळ हातात धरून होतो. माझ्या स्ट्रेचरच्या प्लास्टिकच्या गुंड्या म्हणजे याच चकत्या. कारखान्यात बनल्या एवढंच.

मग त्यांनी पद्धत सांगितली. चामडं आतून ओलसर करायचं, भिजवायचं नाही. ओलं फडकं किंवा फवारा, फक्त जिथे ताणायचंय तिथे. ठोकळा घालून हाताला ताठ लागेपर्यंतच फिरवायचा आणि सोडून द्यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडा. "आणि ओलं असताना काढायचा नाही साहेब. वाळू द्यायचं त्याच्यावरच. ओलं कातडं ऐकतं, पण ध्यानात ठेवतं ते वाळताना." टाक्यांचे २० रुपये घेतले. त्या एका वाक्याचे काहीच घेतले नाहीत.

घरी येताना लक्षात आलं की हे मी आयुष्यभर पाहत आलोय. प्रेस शॉपमध्ये पत्रा ९० अंशांत वाकवायचा तर ९० ची डाय, म्हणजे साचा, चालत नाही. दाब काढला की पत्रा थोडा उलट येतो. आम्ही त्याला स्प्रिंगबॅक म्हणायचो आणि म्हणून डाय ८८ ची करायचो. चामड्यालाही स्प्रिंगबॅक आहे. फरक एवढाच की पत्र्याला ताकद लागते आणि चामड्याला वेळ. चामडं म्हणजे कोलॅजनच्या तंतूंची गुंतवळ. पाणी आत शिरलं की ते तंतू एकमेकांवरून सरकायला मोकळे होतात, आणि ताण तसाच ठेवून वाळलं की नव्या जागी बऱ्यापैकी स्थिरावतात. कोरडं असताना जोर केला तर तंतू तुटतात, नाहीतर सोडल्यावर मागे फिरतात. माझ्या पहिल्या रात्री दोन्ही झालं होतं. बूट लवकर वाळावा म्हणून हेअर ड्रायर लावायचा विचारही मनात आला होता. तो करू नका. ओल्या चामड्याला जास्त उष्णता लागली की ते आकसतं आणि कडक होतं, आणि मग ते पूर्वीसारखं होत नाही.

हाडाची जागा बुटाच्या आत नेमकी कुठे येते हे शोधायची युक्ती हिचीच. शाळेतला खडू पाण्यात बुडवला, मोजा घातलेल्या पायावर हाडाच्या टोकाला जाड ठिपका दिला आणि बूट घालून दोन पावलं टाकली. काढल्यावर आत पांढरा डाग उमटलेला. त्या डागासमोर येणारं भोक निवडून मी गुंडी बसवली. माझ्या अंदाजापेक्षा डाग जवळजवळ एक सेंटिमीटर मागे होता. अंदाजाने बसवली असती तर भलत्याच जागी फुगवटा आला असता आणि हाड होतं तिथेच दाबलं गेलं असतं.

मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, निम्मं पाणी मिसळलं आणि फवाऱ्याच्या बाटलीत भरलं. बाजारात स्ट्रेचिंग स्प्रे म्हणून मिळतात त्यांतले बरेच याच्याच जवळचे असतात. आधी बुटाच्या आतल्या कोपऱ्यात थेंब टाकून रंग जात नाही ना ते पाहिलं. मग रोज संध्याकाळी फवारा, पाव फेरा, आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही. भिंतीवर कालनिर्णयच्या चौकोनात मी आकडा लिहीत गेलो. पहिले दोन दिवस व्हर्निअरवर फरक दिसेना. तिसऱ्या दिवशी एक मिलिमीटर. पाचव्या दिवशी अडीच. मग ठोकळा एक पूर्ण दिवस काढून ठेवला, उलट किती येतो ते पाहायला. अर्धा मिलिमीटर परत आला. तेवढा धरून पुढे गेलो. नवव्या दिवशी हाडाच्या जागी साडेचार मिलिमीटर वाढलेले, टाके शाबूत.

दरम्यान शेजाऱ्यांना कळलं आणि बूट यायला लागले, म्हणून काय ताणलं जात नाही तेही सांगतो. पुतण्या सातपूरला कामाला आहे, त्याचा सेफ्टी शू पुढून लागतो. त्याच्या टोकात स्टीलची टोपी असते, भारतीय मानकाप्रमाणे २०० ज्युलचा आघात सोसणारी. ती माझ्या स्क्रूने ताणली जाणार नाही आणि ताणता कामाही नये. त्याला मी स्टोअरमधून रुंद मापाचा बूट मागून घे म्हणून सांगितलं. कमी मापाच्या सेफ्टी शूने माझ्या स्वतःच्या अंगठ्याचं नख एकदा काळं पडून गळालंय, तेव्हा मी तो बदलून मागायला संकोचलो होतो. त्याने संकोचू नये. रेक्झिन आणि सिंथेटिकचे बूट ताणले की ताणेपर्यंत तसे राहतात, मग मूळ पदावर येतात, आणि वरचा थर तडकतो तो वेगळाच. चकचकीत पेटंट लेदरचंही तसंच. स्वेड, म्हणजे मखमलीसारखं लव असलेलं चामडं, मात्र पटकन सैल होतं, त्यात उलट हात राखावा लागतो. लांबीच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नका. अर्ध्या नंबराच्या आत काही मिळालं तर मिळालं, कारण तळ ताणला जात नाही.

माझ्या थोरल्या भावाला शुगर आहे. त्याने बूट आणला तेव्हा मी तो परत दिला. त्याच्या तळव्याला संवेदना कमी झाल्यात, बूट चावला तरी त्याला कळत नाही आणि फोडाची जखम व्हायला वेळ लागत नाही. अशा पायाला ताणून बरा केलेला बूट देऊन चालत नाही, पहिल्यापासून मोकळाच हवा. त्याला मी डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

वडील पोलीस खात्यात होते, त्यांचं प्रशिक्षण इथेच त्र्यंबक रोडला झालं. परेडचे बूट मऊ करायला ते रात्री ओल्या कागदाचे बोळे गच्च भरून ठेवायचे आणि सकाळी त्यांचे पाय तरीही सोललेले असायचे. आई हळद लावायची. ते कधी तक्रार करत नसत. बूट असाच असतो, पायाने सवय करून घ्यायची, असं त्यांचं म्हणणं होतं आणि मीही तेच मानत आलो. ही कुरकुरली तेव्हा माझ्या तोंडूनही तेच निघालं होतं, "घाल चार दिवस, सवय होईल." ते वाक्य मी परत घेतलंय, तिच्यासमोर.

परवा ही कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दोन फेऱ्या मारून आली. बूट काढला, मोजा काढला. हाडावर लाली होती, पण साल गेलेली नव्हती.

"अहो, अजून एका जागी टेकतोय," म्हणाली आणि शाळेतल्या खडूने बुटावर बाहेरूनच फुली मारून दिली. गुंडी एक भोक पुढे घेतलीय. कालचा पाव फेरा झाला, आजचा द्यायचाय.