मोरी तुंबली, बिल कोणाच्या नावावर फाडायचं?

लिव्ह अँड लायसन्सचे अकरा महिने संपतात, चावी परत द्यायची वेळ येते आणि डिपॉझिटच्या हिशोबात एक ओळ हमखास निघते: 'ड्रेनेज सफाई', आणि पुढे आकडा. कुठली लाइन तुंबली होती, कधी साफ केली, आतून काय निघालं, याचा पत्ता नसतो. घरमालक म्हणतो, वापरत तुम्ही होतात, तुंबवलंतही तुम्हीच. भाडेकरू म्हणतो, घर तुमचं, पाइप तुमचा, खर्चही तुमचाच. दोघांचंही अर्धंच खरं. चोकअप नेमका कुठे होता आणि त्यातून बाहेर काय आलं, एवढ्या दोन गोष्टींवर बिल कोणाचं ते ठरतं. दोन्हींची उत्तरं फक्त प्लंबरकडे असतात, आणि काम संपलं की तो पुरावा बादलीत भरून फेकूनही देतो.

आधी पाणी कुठून कुठे जातं ते बघू. वॉश बेसिनखाली बॉटल ट्रॅप, म्हणजे वास अडवायला थोडं पाणी धरून ठेवणारी वाटी, त्यातून ३२ मिलिमीटरचा वेस्ट पाइप. किचन सिंकचा पाइप ४० चा, बहुतेक घरांत प्लॅस्टिकचा वळ्यावळ्यांचा. बाथरूममध्ये जाळीखाली नहाणी ट्रॅप, तिथून ७५ किंवा ११० मिलिमीटरची लाइन. कमोडची लाइन ११० ची. या आडव्या लाइनी फरशीखालून डक्टमधल्या, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतल्या, उभ्या पाइपाला मिळतात, उभा पाइप खाली चेंबरला आणि चेंबर महापालिकेच्या लाइनला किंवा सेप्टिक टँकला. म्हणजे हद्दी तीन: ट्रॅपपर्यंत, ट्रॅपपासून डक्टपर्यंत, आणि डक्टपासून पुढे.

शेवटची हद्द सोपी आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या ड्रेनेज लाइनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं होते, फ्लॅटच्या आतलं सभासदाकडे. सभासद म्हणजे घरमालक. उभा पाइप किंवा चेंबर तुंबला तर ते बिल भाडेकरूकडे येण्याचं कारणच नाही. घरमालक दर महिन्याला मेंटेनन्स भरतो तो त्यासाठीच, त्यानं सेक्रेटरीला अर्ज द्यावा. चेंबर किंवा सेप्टिक टँक साफ करायला सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवणं मात्र २०१३ च्या कायद्यानं बंद आहे. जोरदार पाणी मारणारं जेटिंग मशीन किंवा मैला ओढणारी सक्शनची गाडीच बोलवायची, 'आमचा नेहमीचा माणूस उतरतो' हे चालत नाही.

पहिली हद्दही सोपी. बॉटल ट्रॅपची वाटी हातानं फिरवून निघते. खाली बादली धरायची, वाटी काढायची, आतला काळा चिकट गोळा काढून वाटी धुवायची आणि रबराची वायसर जागेवर बसलीय ना ते बघून परत लावायची. पान्यानं आवळायची नाही, प्लॅस्टिकचे आटे तुटतात आणि मग नवा ट्रॅप घ्यावा लागतो. नहाणीची जाळी उचलून आतली वाटी काढली की केसांचा पुंजका हाती येतो. हे राहणाऱ्याचं काम, एसीचा फिल्टर धुण्यासारखं. त्यासाठी घरमालकाला फोन करणं हास्यास्पद आणि घरमालकानं त्याचं बिल लावणंही तितकंच.

वाद मधल्या हद्दीचा. फरशी न उखडता चोकअप कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं. फक्त सिंक तुंबलंय आणि बाकी सगळं वाहतंय, तर अडथळा सिंकच्याच पाइपात. सिंक किंवा वॉशिंग मशीन सोडलं की बाथरूमची नहाणी वर येते, तर दोघांची मिळून पुढे गेलेली आडवी लाइन अडलीय. घरात एक थेंब पाणी न वापरता नहाणीतून पाणी वर येतंय, म्हणजे ते वरच्या मजल्यांचं. उभ्या पाइपाचा तळ किंवा चेंबर भरलाय, आणि तळमजला-पहिला मजला त्याची शिक्षा भोगतोय. नळ सोडल्यावर कमोडमध्ये गुडगुड आवाज येत असेल तर पुढची लाइन अर्धी अडलीय किंवा हवेचा पाइप बंद झालाय.

प्लंबर स्प्रिंग मारतो, म्हणजे लांब लवचिक तार पाइपात फिरवत आत घालतो, तेव्हा एक गोष्ट आवर्जून मोजून घ्या: स्प्रिंग किती फूट आत गेल्यावर अडली. ट्रॅपपासून डक्टची भिंत नऊ फुटांवर असेल आणि स्प्रिंग चार फुटांवर अडली तर चोकअप घरात आहे. बारा फुटांवर अडली तर तो डक्टमध्ये आहे, आणि सोसायटीला दाखवायला तोच पुरावा. बहुतेक बिलांवर 'चोकअप काढला' एवढंच लिहिलेलं असतं. त्याऐवजी कुठली लाइन, किती फुटांवर, काय निघालं, तारीख, असं चार ओळींत लिहून घ्यावं आणि निघालेल्या मालाचा बादलीतला फोटो त्याच दिवशी दुसऱ्या बाजूला व्हॉट्सॲपवर टाकावा. घाण दिसते म्हणून फोटो काढायला लाजू नये.

आता काय निघालं ते. सॅनिटरी पॅड, डायपर, वेट वाइप्स, शाम्पूची पाकिटं, कानातल्या काड्या, पोरांची खेळणी: हा सरळ गैरवापर. चोकअप घरातल्या लाइनीत असेल तर पूर्ण बिल राहणाऱ्यानं विनातक्रार भरावं. पाकिटावर काहीही छापलेलं असो, वाइप्स कागदासारखे विरघळत नाहीत. सिंकमधून कोळंबीची सालं, माशांची खवलं, भाताचा लगदा, चहाचा चोथा निघाला तरी तेच.

सिमेंट, ग्राउट, टाइलचे तुकडे, पुट्टी निघाली तर बिल घरमालकाचं. घर भाड्यानं देण्याआधी रंगकाम केलेलं असतं, रंगारी ब्रश आणि पुट्टीची घमेली बाथरूममध्येच धुतो आणि पुट्टी पाइपाच्या तळाला बसते. मग त्या खडबडीत थरावर केस अडकतात आणि दोन महिन्यांनी नवा भाडेकरू गुन्हेगार ठरतो. जुन्या इमारतीत बिडाच्या पाइपातून गंजाचे पापुद्रे निघाले, किंवा डक्टमध्ये उगवलेल्या पिंपळाची मुळं निघाली, तरी भाडेकरूचा संबंध नाही. अशा वेळी केस आणि साबणही सोबत निघतातच. मूळ कारण कुठलं ते बघायचं.

खरी डोकेदुखी तेलाची. तेल-तुपाचा थर सगळ्याच घरांत बसतो, त्यामुळे तो कोणाचा हे सांगणं अवघड. तरी काही खुणा असतात. पांढरट, मऊ, बोटानं निघणारा थर ताजा. पिवळट-तपकिरी, मेणासारखा कडक, पाइपाच्या आतून गोल कवच झालेला थर वर्षानुवर्षांचा, त्यात आधीच्या भाडेकरूंचाही वाटा. राहायला येऊन तीन महिने झालेल्या माणसाकडून त्याचे पूर्ण पैसे घेणं मला तरी पटत नाही.

आणि पाइपाचा उतारच चुकला असेल तर कितीही जपून वापरा, तेल बसणारच. ११० च्या लाइनीला साधारण चाळीसला एक उतार लागतो, म्हणजे मीटरला २५ मिलिमीटर. तीन मीटरच्या लाइनीत शेवटचं टोक ७५ मिलिमीटर खाली हवं. किचन मूळ जागेवरून ड्राय बाल्कनीकडे सरकवलेलं असलं की नेमका हाच घोळ होतो. फरशी आणि स्लॅबमध्ये जागा नसते, लाइन जवळजवळ सपाट टाकतात आणि वळणावर काटकोनी एल्बो लावतात. पाणी रेंगाळतं, तेल थंड होऊन एल्बोत धरतं. अशा घरात दर दोन-तीन महिन्यांनी स्प्रिंग मारायला लागते आणि दर वेळी नवं बिल. माझा नियम साधा आहे: त्याच जागी तीन महिन्यांत दुसऱ्यांदा चोकअप झाला आणि आतून केस-साबण-तेल यापलीकडे काही निघालं नाही, तर दोष पाइपाचा आणि खर्च घरमालकाचा. त्यानं एकदाच काटकोनी एल्बो काढून ४५ अंशांचे दोन बेंड किंवा डोअर बेंड लावावा. डोअर बेंडला झाकण असतं, पुढच्या वेळी फरशी फोडावी लागत नाही. पाइप बदलायचाच असेल तर सांडपाण्यासाठी बी टाइपचा एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा पीव्हीसी पाइप) घ्यावा. ए टाइप पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या पाइपाला.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे उलट करार नसेल तर जागा राहण्यायोग्य ठेवणं घरमालकाचं काम. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्यानं दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून भाड्यातून कापू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. मात्र लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत परवानाधारक असतो, त्यानं कलम १४ आपल्याला आपोआप लागू आहे असं धरून चालू नये. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात वाटणी थेट लिहिली आहे: प्लंबिंगचे पाइप बदलणं घरमालकाकडे, ड्रेन साफ करणं भाडेकरूकडे. पण तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय बंधनकारक नाही. वाटणी म्हणून वाईट नाही, करारात उचलायला हरकत नाही.

शेवटी करारात काय लिहिलंय यावरच गाडी येते. १९९९ च्याच कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी घरमालकाची, आणि तसा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. छापील नमुन्यात 'किरकोळ दुरुस्ती परवानाधारकाकडे' एवढंच असतं. किरकोळ म्हणजे काय यावर मग सहा महिने भांडा. त्याऐवजी हे घालावं:

'ताबा घेतल्यापासून ३० दिवसांत झालेल्या कोणत्याही चोकअपचा खर्च मालक करील. त्यानंतर ट्रॅप व जाळी साफ करण्याचा खर्च परवानाधारकाचा. ट्रॅपपासून डक्टपर्यंतच्या लाइनचा खर्च मालकाचा. मात्र चोकअपमधून पॅड, डायपर, कापड, प्लॅस्टिक किंवा अन्नाचे घट्ट अवशेष निघाल्यास, फोटो व प्लंबरचे बिल दाखवून, तो परवानाधारकाकडून घेता येईल. कमोड बंद पडल्यास मालकाने २४ तासांत प्लंबर न पाठवल्यास परवानाधारक स्वतः बोलावून खर्च पुढील भाड्यातून वळता करील.'

पहिले ३० दिवस का? कारण महिन्याभरात तुंबलेली लाइन आधीच अर्धी भरलेली असते. आणि त्या दिवसांचा वादच नको असेल तर चावी घेताना दहा मिनिटं काढा. नुसता नळ सोडून बघणं बिनकामाचं, अर्धा बंद पाइपही नळाचं पाणी नेतो. सिंकला बूच लावून ते काठोकाठ भरा आणि बूच ओढा. पाणी भोवरा करत गेलं तर लाइन ठीक, फुगून थांबत गेलं तर नाही. नहाणीत पंधरा लिटरची बादली एकदम ओता आणि त्याच वेळी कमोड फ्लश करा. दोघांनी मिळून व्हिडिओ काढा. घर सोडताना हेच पुन्हा करा.

काही खर्च चोकअपचे नसतात, तो काढायच्या नादात केलेल्या नुकसानीचे असतात. पाकिटातली ड्रेन पावडर म्हणजे बहुतेक कॉस्टिक सोडा. पूर्ण बंद पाइपात ती ओतली की तळाशी दगडासारखी थिजते आणि पावडर टाकण्याआधी स्प्रिंगनं निघाला असता तो चोकअप आता फरशी फोडून काढावा लागतो. हे बिल ओतणाऱ्याचं. त्यावर ॲसिड ओतलं तर उकळी फुटून तोंडावर उडतं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र झालं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा. काही ओतलं असेल तर प्लंबरला आधी सांगा, त्याचे हात त्यात जाणार आहेत. पीव्हीसीच्या पाइपात उकळतं पाणीही नको, पाइप मऊ पडतो आणि सांधे सुटतात. उलट, घरमालकानं पाठवलेल्या माणसानं सळई खुपसून कमोड फोडला तर नवा कमोड घरमालकाचा.

खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली तर हिशोब वाढतो. नहाणी तुंबून पाणी साचलं आणि फरशीच्या सांध्यांतून खाली गेलं, तर मूळ चोकअपची वाटणी वरच्यासारखीच. पण पाणी साचलेलं दिसत असूनही भाडेकरूनं आठवडाभर कळवलं नसेल तर खालच्याच्या रंगकामात त्याचाही वाटा येतो. कळवलं असेल आणि घरमालक 'बघतो' म्हणत राहिला असेल, तर तो वाटा शून्य. म्हणून फोनवर बोलणं झालं तरी मागाहून दोन ओळींचा मेसेज टाकावा.

घरमालकांनी भाडेकरू येण्याआधी सिंकच्या कपलिंगवर, म्हणजे पाणी जायच्या भोकावर, स्टीलची उचलती जाळी, नहाणीत केस अडवणारी वाटी आणि कमोडशेजारी झाकणाचा डबा एवढं ठेवावं. वॉशिंग मशीनच्या पाइपाच्या टोकालाही बारीक जाळीची पिशवी बांधावी, कपड्यांचे तंतू आडव्या लाइनीत केसांइतकेच अडकतात.