विधिनिषेधशून्य म्हणजे अनैतिकच ना?

मी मुद्रितशोधन करते, त्यामुळे हा प्रश्न मला सारखा येतो, की विधिनिषेधशून्य म्हणजे अनैतिकच ना, मग एवढा जड शब्द कशाला? तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितेय.

विधी म्हणजे 'हे कर' आणि निषेध म्हणजे 'हे करू नकोस'. मूळचे मीमांसेतले, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रातले शब्द, तिथे 'स्वर्गकामो यजेत' (स्वर्ग हवा असेल त्याने यज्ञ करावा) हा विधी आणि 'न कलञ्जं भक्षयेत्' (कलंज नावाचा निषिद्ध पदार्थ खाऊ नये) हा निषेध. आता विधी म्हटलं की धार्मिक विधी आठवतात, निषेध म्हटलं की मोर्चा आणि घोषणा, त्यामुळे जोडशब्द समोर आला की लोक अडखळतात.

अनैतिक आपण जास्त करून कृत्याला म्हणतो, व्यवहाराला, संबंधांना. विधिनिषेधशून्य असतो तो माणूस. चांगला माणूसही एखाद्या वेळी अनैतिक वागतो, मग त्याला झोप लागत नाही, तोंड लपवावंसं वाटतं, म्हणजे निषेध त्याच्या आत जागा आहे, त्याने तो मोडला एवढंच. ज्याला हे करावं की करू नये असा प्रश्नच पडत नाही, फक्त जमेल का आणि पचेल का एवढंच जो बघतो, त्याच्यासाठी हा शब्द. म्हणून तो रागाच्या भरात कुणालाही चिकटवलेला मला अजिबात आवडत नाही. नीतिभ्रष्ट वेगळा, भ्रष्ट म्हणजे ढळलेला, आधी नीती होती हे त्यात गृहीत आहे.

बोलताना आपण शून्य लावत नाही, 'त्याला कसला विधिनिषेधच नाही' म्हणतो. गंमत बघा, हा शब्द जवळजवळ कायम नकारातच येतो, नाही, उरला नाही, न बाळगता. 'तिला खूप विधिनिषेध आहे' असं कोणी म्हणत नाही, तिथे आपण चाड म्हणतो, नीतीची चाड असलेली बाई.

एकदा एका श्रद्धांजलीच्या लेखात वाक्य होतं, 'कसलाही विधिनिषेध न बाळगता त्यांनी सर्वांना मदत केली'. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं भेदभाव न करता. छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी ते दिसलं आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण घरच्यांनी ते कात्रण जपून ठेवलं असतं. तिथे भेदभाव लिहिलं आणि लेखकाला फोन करून सांगितलं, त्यांनाही फार लागलं ते.

आणि लिहिताना एक सांभाळा, एकटा विधी दीर्घ, पण समासात धि ऱ्हस्व.