बोंड्या गादीवरून टबात कसा आला

संक्रांतीच्या आठवड्यात आमचा ससा बोंड्या पहिल्यांदा दिवाणावर मुतला. दिवाळीत घरी आणला तेव्हा तो दोन महिन्यांचा होता. डोळे लाल आणि अंग उकललेल्या बोंडासारखं पांढरं, म्हणून मुलाने हे नाव ठेवलं. तोवर लेंड्या घरभर पडायच्या, पण त्या कोरड्या, झाडूने गोळा केल्या की झालं. आता मात्र रोज गादी. त्यात ती गादी सासूबाईंनी घरच्या शेतातल्या कापसाची, पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली.

"आज परत गादीवर मुतना का हाऊ?" धुळ्यात देवपूरच्या आमच्या घरात सकाळ याच प्रश्नाने उजाडायची.

मी टाळ्या वाजवून हाकलून पाहिलं. एकदा जोरात ओरडले. त्याने मागचा पाय फरशीवर धाडकन आपटला, दिवाणाखाली शिरला आणि दुपारपर्यंत बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गादीवरच. ओरडण्याचा आणि गादीचा संबंध त्याला लागलाच नव्हता, तो फक्त मला घाबरायला शिकला होता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग एका दुकानातून मांजरांसाठीची माती आणली, ओली झाली की गोळा बनणारी. तो ती कुरतडायला लागला तेव्हा घाबरून फेकून दिली. अशी माती सशाच्या पोटात फुगून आतडं अडवू शकते. लाकडाचा भुसाही आणला होता, पण त्याच्या धुळीने तो शिंकायला लागला. शिवाय देवदारासारख्या लाकडाच्या वासाने सशाचं यकृत बिघडतं, आणि आपल्या हातातला भुसा कुठल्या लाकडाचा, हे कोण सांगणार?

खरी वाट सासूबाईंनी दाखवली. त्यांचं माहेर साक्री तालुक्यातलं, लहानपण शेळ्यांमागे गेलेलं. एका दुपारी त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, "देख वं, हाऊ जठे खास तठेच हागस. त्याना चारा तठेच ठेव."

जिथे खातो तिथेच हागतो, अगदी खरं होतं ते. ससा गवत चघळत असतानाच लेंड्या टाकतो. आम्ही त्याचं गवत ठेवत होतो दिवाणाच्या उशाशी, खिडकीत!

कपडे भिजवायचा चौकोनी टब घेतला. तापवलेल्या सुरीने त्याची एक बाजू चार बोटांएवढी ठेवून कापली आणि कड घासून बोथट केली. टब एवढा मोठा हवा, की ससा आत अंग पसरून बसू शकेल. तळाला फाडलेल्या वर्तमानपत्रांचा जाड थर, त्यावर सुकं गवत, आणि एका टोकाला खायचं गवत उंच रचून. गादी पुसलेला ओला कागद आणि मूठभर लेंड्याही त्यातच टाकल्या, म्हणजे वासावरून जागा ओळखेल. दिवाण आडवा लावून त्याला खोलीचा एकच कोपरा मोकळा ठेवला. आठवडाभर टबातच गेला, की मग थोडी थोडी जागा वाढवायची. मी मध्ये घाई करून सगळं घर मोकळं केलं आणि तीन दिवसांची मेहनत वाया गेली.

शू करायच्या आधी तो कोपऱ्याकडे पाठ करून मागे सरकतो आणि शेपटी वर उचलतो. तेवढ्या दोन क्षणांत हळूच टबाकडे वळवायचं आणि तिथे गेला की कोथिंबिरीची एक काडी द्यायची. मुलगा लाडाने केळी भरवायचा, ते बंद केलं. गोड जास्त झालं की त्याच्या मऊ, चिकट, घोसासारख्या लेंड्या गादीला लागून राहायच्या. एरवी त्या तो स्वतःच खाऊन टाकतो. ती घाण नव्हे, त्याच्या पोटाची गरज आहे.

गादीची खोळ धुतली, कापूस उन्हात घातला. दिवाणाच्या फळीवर मात्र पांढरा खरबरीत थर उरला होता. सशाच्या लघवीतून जास्तीचं कॅल्शियम बाहेर पडतं, त्याचा तो थर. साबणाने हलला नाही. किराणा दुकानातला पांढरा व्हिनेगर ओतला, तर बारीक बुडबुडे फसफसले आणि दहा मिनिटांत थर ओल्या फडक्यावर निघून आला. वास गेल्याशिवाय तो जागा विसरत नाही, म्हणून हे नीट करावंच लागतं.

एवढं करूनही दारापाशी शिंतोडे उडवणं थांबलं नाही. तो वयात आला होता, हद्द आखत होता. नसबंदीसाठी नाशिकच्या डॉक्टरांकडे नेला, मार्चच्या सुरुवातीला, पहाटे निघून. सशाला उलटी होत नाही, म्हणून शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवायचं नाही, हे मला तिथे कळलं. घरी आल्यावर त्याने पहिली काडी तोंडात घेईपर्यंत मी जागची हलले नाही. बारा तास ससा काही खात नसेल तर ते जिवावरचं असतं. अंगातलं वारं उतरायला महिनाभर लागला, पण शिंतोडे गेले, लघवीचा उग्र दर्पही गेला.

मे महिन्यात पुन्हा गादी ओली! पारा 43 वर, टब पश्चिमेच्या भिंतीला, आणि ती भिंत रात्रीसुद्धा तापलेली. तिथे बसवतच नव्हतं त्याला. टब कूलरच्या बाजूला आणला, शेजारी फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली ठेवली. त्याच संध्याकाळी तो टबात कान पसरून गवत खात बसला. उन्हाळ्यात पाणी जास्त पितो, म्हणून कागद दिवसातून दोनदा बदलते.

लेंड्या आता सासूबाई कढीपत्त्याच्या कुंडीत टाकतात, शेणखतासारख्या कुजवाव्या लागत नाहीत. गादी भिजू नये म्हणून वर घातलेलं रेक्झिन मात्र अजून आहे. दिवाळीपर्यंत कोरडी राहिली, की काढू, असं त्यांनी सांगितलंय.