फॉरवर्डचा गुडघा : शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतताना

व्यावसायिक करारावर फुटबॉलमध्ये फॉरवर्ड, म्हणजे आघाडीची आक्रमक खेळाडू म्हणून खेळत असताना माझ्या डाव्या गुडघ्यातील एसीएल, म्हणजे मांडीचे आणि नडगीचे हाड जागेवर धरून ठेवणारा अस्थिबंध, तुटला. कोणाचा धक्का लागला नव्हता. बचावपटूला चकवण्यासाठी भर वेगात पाय रोवून दिशा बदलली आणि गुडघा आत वळला. ही दुखापत बहुतेक वेळा अशीच, टक्कर न होता होते आणि महिला फुटबॉलपटूंना तिचा धोका पुरुषांच्या दोन ते तीन पट असतो.

हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूच्या, स्नायूबंधाचा तुकडा घेऊन दुर्बिणीतून नवा अस्थिबंध बसवण्यात आला. शस्त्रक्रिया लवकर आटोपली. खरे काम त्यानंतरचे होते. आधी गुडघा पूर्ण सरळ करणे, मग सूज उतरवणे आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला पुन्हा कामाला लावणे, हा फिजिओने आखलेला क्रम होता. तो स्नायू इतका सुकला होता की सुरुवातीला पाय सरळ ठेवून उचलणेही जमेना.

सर्वांत फसवा काळ पहिल्या काही महिन्यांचा असतो. वेदना कमी होतात, चालणे सुधारते; पण बसवलेल्या तुकड्यात नव्या रक्तवाहिन्या येऊन त्याचे रूपांतर होत असताना तो उलट अधिक दुबळा झालेला असतो. मी कोल्हापुरात घरी होते. पेठापेठांत फुटबॉल खेळला जाणाऱ्या आमच्या गावात भेटेल तो आपुलकीने विचारी, "आता चालतीयास की नीट, मग खेळायला कधी येतीस?" त्या प्रेमापुढे थांबून राहणे मला व्यायामापेक्षा कठीण गेले.

नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्या खेळाडूंमध्ये पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळते, त्यामुळे तोवर सामन्याचा विषयच नव्हता. मात्र केवळ महिने भरले म्हणून परवानगी मिळत नाही, आणि ते योग्यच आहे, असे माझे ठाम मत आहे. एका पायावर उडी मारून कापलेले अंतर आणि मांडीच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के भरावी लागते. माझ्या उड्या आधी भरल्या, ताकद मागे राहिली, आणि फिजिओने मला पुन्हा वजनांकडे पाठवले. त्या दिवसांत सॅम करचा विचार माझ्या मनात सतत असे. तेव्हा इंग्लंडच्या चेल्सी क्लबकडून खेळणाऱ्या या फॉरवर्डला जानेवारी २०२४ मध्ये हीच दुखापत झाली आणि ती २०२५ च्या सप्टेंबरमध्येच पुन्हा सामन्यात उतरली. एवढ्या मोठ्या क्लबच्या खेळाडूलाही इतका वेळ लागत असेल, तर घाई कशासाठी, हे मला पटले.

मैदानावर आधी सरळ धावणे, मग ठरवून दिलेली वळणे आणि अखेरीस समोर बचावपटू असतानाची वळणे, असा क्रम होता. उजव्या पायाने गोलवर फटका मारताना सारा भार डाव्या पायावर येतो, म्हणून चेंडू मारण्याइतकाच टेकलेल्या पायाचा सराव करावा लागला. शेवटी उरली ती भीती. ती बोलून गेली नाही. पेनल्टी बॉक्समध्ये तेच वळण, तोच पाय रोवून, पुनःपुन्हा घेत राहिले तेव्हा हळूहळू कमी झाली.

आता प्रत्येक सरावापूर्वी मी फिफाचा '११ प्लस' हा दुखापती टाळण्यासाठीचा सराव करते. त्याला सुमारे वीस मिनिटे लागतात, एक चेंडू आणि मोकळी जागा पुरते. आमच्याकडच्या शाळकरी मुलींच्या संघांना तो अजूनही कोणी शिकवत नाही, म्हणून सुट्टीत घरी आल्यावर तो मी त्यांच्याकडून करून घेते.